वाचनगट चौदावरून पाचावर आला. दर आठवड्याला काय वाचायला द्यावं?

शनिवारवाला

नमस्कार मंडळी.

नाशिकरोडला आम्ही वाचनगट सुरू केलाय. नाव 'साहित्य आणि मूलगामी विचार'. नाव माझंच, आता जरा जड वाटतंय. कंपनीला शनिवारची सुट्टी असते म्हणून शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. जागा मावसबहिणीच्या क्लासची. बाक आठवीच्या पोरांच्या मापाचे, बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.

पहिल्या शनिवारी चौदा जण आले. एमपीएससीची तयारी करणारी तीन पोरं, दोन शिक्षक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी, एक कवी (प्रत्येक गटाला एक असतोच), आमच्या कंपनीतले तिघे, शेजारच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई, आणि बाकीचे नुसते बघायला आलेले. मी मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या प्रकरणाची चाळीस पानं आधीच व्हॉट्सॲपवर टाकली होती. कुणी वाचून आलं नव्हतं. मीही खरं तर सव्वीस पानांपर्यंतच पोचलो होतो.

तरी समजावायला लागलो. मार्क्सचं ते प्रसिद्ध उदाहरण, वीस वार लिनन बरोबर एक कोट. फळ्यावर लिहिलं. ब्लाउजवाल्या ताई म्हणाल्या, "वीस वारात एकच कोट? बाकीचं कापड कुठं गेलं?" सगळे हसले. मीही हसलो आणि पुढे गेलो. ताई पुढच्या वेळी आल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात नऊ, तिसऱ्यात ग्राम्शी या इटालियन मार्क्सवादी विचारवंताचे इंग्रजी उतारे दिले तेव्हा सहा, आणि परवा पाच. पाचातला एक मी आणि एक कवी.

तर विचारायचंय की आठवड्याला किती पानं द्यावीत? कथा-कविता एका आठवड्यात आणि सिद्धांत दुसऱ्या, असं करावं की दोन्ही एकत्र? आणि सुरुवात कशाने करू? यादी शक्यतो मराठीत मिळणारी हवी. ज्यांनी असा गट खरोखर चालवलाय त्यांनी सांगा. 'वाचनसंस्कृती लोप पावतेय' वगैरे नको, ते माहितीय.

जुळारी

आधी हसलो, मग वाईट वाटलं. कारण डोंबिवलीत तीसेक वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं होतं. पुस्तकही हेच आणि प्रकरणही हेच. आमचा गट अकरावरून तिघांवर आला होता, म्हणजे तुम्ही आमच्यापेक्षा बरे.

माझं आयुष्य छापखान्यात खिळे (अक्षरांचे टाइप) जुळवण्यात गेलं, पुढे ऑफसेट आल्यावर प्रुफं वाचण्यात. त्या धंद्याने एक खोड लावली. मजकूर किती पानांचा आहे हे मी विचारतच नाही, वाचायला किती मिनिटं लागतील ते बघतो. डेमी आकाराचं एक पान मोठ्याने, नीट थांबत वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. तुमची चाळीस पानं नुसती वाचायलाच दोन तास, आणि तेवढाच तुमचा वेळ. चर्चा काय रिक्षात करणार?

म्हणून पहिली गोष्ट, घरी वाचून या हे सांगणंच बंद करा. जे वाचायचं ते तिथेच, मोठ्याने, एकेकाने एकेक परिच्छेद. चाळीस मिनिटांत मावेल तेवढंच, म्हणजे पंधरा पानं डोक्यावरून पाणी. घरी वाचून आलेला आणि न आलेला हा भेद गटात पडला की न आलेला तिसऱ्या आठवड्याला येईनासा होतो. लाज वाटते माणसाला. तुम्ही जात-वर्ग नष्ट करायला बसलाय आणि पहिल्याच दिवशी नवी उतरंड तयार करताय.

दुसरी गोष्ट तुमच्या त्या पहिल्या प्रकरणाची. हॅनोव्हरमधले डॉक्टर कुगेलमान हे मार्क्सचे स्नेही. 'भांडवल'चा पहिला खंड १८६७ मध्ये निघाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात मार्क्सने त्यांना पत्र लिहून कळवलं की तुमच्या पत्नीला सांगा, कामाच्या दिवसाचं प्रकरण, सहकार्य-श्रमविभागणी-यंत्रं ही प्रकरणं आणि आदिम संचयाचं, म्हणजे भांडवल मुळात कसं साठलं त्याचं प्रकरण आधी वाचा, ती लगेच वाचता येण्यासारखी आहेत. खुद्द लेखक सांगतोय पहिल्यापासून सुरू करू नका! (बाईंना अडलेले शब्द नवऱ्याने समजावून द्यावेत असंही पुढे आहे. त्यावर इथल्या भगिनी बोलतीलच.) पुढे अल्थुसेर या फ्रेंच मार्क्सवादी विचारवंतानेही वाचकांना हेच सांगितलं, पहिला भाग बाजूला ठेवून पुढून सुरू करा. आपणच गणपतीपासून सुरुवात केल्याशिवाय पूजा लागत नाही असं धरून बसतो.

आता ब्लाउजवाल्या ताई. त्यांच्या बोलण्यावर हसलात तिथे तुमचा गट फुटला, पानांच्या संख्येवर नाही. त्यांनी कापडाचा हिशोब विचारला, त्या खोलीत तो विचारण्याचा अधिकार असलेल्या त्या एकट्याच होत्या. कामाच्या दिवसाच्या प्रकरणात मेरी ॲन वॉकली नावाच्या मुलीचा मजकूर आहे. वय वीस, लंडनच्या एका बड्या शिवणकामाच्या दुकानात कामाला. १८६३ च्या जूनमध्ये सलग साडेसव्वीस तास काम करून आजारी पडली आणि दोन दिवसांत गेली. तिच्याबरोबर साठ मुली, तीस-तीस जणी एकेका खोलीत, श्वासाला हवा नाही. घाई कशाची, तर नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ नाच होता आणि सरदारणींचे झगे वेळेत हवे होते. दीड पान आहे, चार मिनिटं. ताईंच्या घरी स्वतः जा आणि हे दीड पान त्यांनीच वाचावं म्हणून बोलावणं करा. माफी मागायची गरज नाही, बोलावणं पुरेल.

साहित्य-सिद्धांत आलटून पालटून नको. एकत्रच ठेवा, पण दोघांचं पटत नसेल अशा जोड्या लावा. कथा म्हणजे सिद्धांताचं उदाहरण, असं केलंत की कथा मरते आणि सिद्धांतही पाठ्यपुस्तक होतो. मी पहिल्या शनिवारी अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' लावतो आणि तिच्याबरोबर वर सांगितलेलं दीड पान. खाण बंद पडली म्हणून भीमा मढी उकरून सोनं शोधायला लागतो. मार्क्सच्या पानात काम माणसाला मारतंय, अण्णाभाऊंच्या कथेत काम नसणं. आता बोला! यावर दोन तास पुरत नाहीत.

दुसऱ्या आठवड्याला मुक्ता साळवे. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. हा एकटाच ठेवा, बरोबर काही नको. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्ही वेदांप्रमाणे वागायला बांधील नाही, मग आमचा धर्म कुठला ते देवा तूच सांग, असा तिचा सवाल आहे. शाळकरी मुलीचा! वाचून झाल्यावर आमच्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नव्हतं. त्या शांततेत लगेच बोलून ती मोडू नका, मी मोडली होती, अजून पस्तावतो.

मग 'गुलामगिरी'. १८७३ चं. अर्पणपत्रिकेपासून वाचा. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना फुल्यांनी हे पुस्तक अर्पण केलंय, आणि तेव्हा तिथलं यादवी युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून माणूस जगाकडे कसा बघत होता ते या एका पानावर दिसतं. पुढचं पुस्तक म्हणजे धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद, तेव्हा दोघांना भूमिका वाटून द्या. धोंडीबा बारीक प्रश्न विचारतो. तुमच्यातला जो कधीच बोलत नाही त्याला धोंडीबा करा.

चौथ्या आठवड्याला तुमच्याच जिल्ह्यात या. फेब्रुवारी १९३८, मनमाड, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. बरोबर बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती', हीसुद्धा रेल्वेच्या नोकरीतच घडते. आणि बागूल विहितगावचे. तुमच्या क्लासपासून किती लांब, रिक्षाने दहा मिनिटं? भाषणात कामगारांनी एक व्हावं असं म्हटलंय, आणि कथेत बरोबरचे कामगारच जात कळल्यावर मारायला उठतात. दोन्ही एकाच संध्याकाळी वाचा.

पुढचं पुढे बघू. बारा आठवड्यांची छापील यादी करू नका, चार आठवड्यांची करा. पाचव्याची यादी गट करेल.

जाता जाता एक, डावी मंडळी मला हसतील. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि साने गुरुजी लिहून घेत होते. विचार पटो न पटो, आठवड्याचा वाचनगट कसा चालवावा याचा हा वस्तुपाठ आहे. एका बैठकीला एकच अध्याय आणि टिपणारा एक माणूस. आता श्रोते तुरुंगात असल्याने गळती नव्हती, ही त्यांची सोय मान्य.

काठावरची

जुळारीकाका, यादी चांगलीय. पण चौथ्या आठवड्यापर्यंत एक शाळकरी मुक्ता सोडली तर लिहिणारी बाई नाही. आणि मेरी ॲन तर मेल्यावरच यादीत आली.

कोल्हापुरात आमचा गट आहे, सगळ्या बायकाच नाहीत, पण बायका जास्त. आम्ही ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'पासून सुरू केलं होतं. १८८२. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, आणि बुलढाण्याच्या या बाईंनी रागाने अख्खं पुस्तक लिहून काढलं. राग कसा लिहायचा ते यातून शिकावं. भाषा अशी की आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका वाचता वाचता एका शिवीवर थांबल्या, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा दुप्पट आवाजात वाचली. त्यावर टीका झाली तेव्हा फुले आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, म्हणजे काकांना हवी तशी जोडीही आहे. 'गुलामगिरी'च्या आधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी लावा.

दुसरं. तुम्ही कधी ना कधी दलित पँथरवर येणारच. सगळे येतात. १९७३ चा जाहीरनामा, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तल्या दोन-तीन कविता, तेंडुलकरांची प्रस्तावना, झाली संध्याकाळ, सगळे भारावून घरी. तसं करू नका. जाहीरनाम्यात दलित कोण याची व्याख्या आहे. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया. तो 'स्त्रिया' शब्द फळ्यावर लिहून ठेवा आणि त्याच संध्याकाळी मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मधली पंधरा पानं वाचा. शाहिराची मुलगी, पँथरच्या कवीची बायको. क्रांती घरी जेवायला येते तेव्हा भाकरी कोण थापतं, हे त्यात आहे. आमच्याकडे त्या दिवशी भांडण झालं, खरंखुरं, दोघं जण उठून गेले, आणि पुढच्या आठवड्याला परत आले. एवढ्या वर्षांतली आमची सगळ्यात चांगली बैठक ती.

ऊर्मिला पवारांचं 'आयदान' आणि बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' ही आत्मकथनं नंतर घ्या, पण घ्या.

आणि तुमच्याकडे चहा कोण करतं? मावसबहीण ना? सहज विचारलं.

पेठेतला

माफ करा, पण या सगळ्यात साहित्य कुठे आहे? कथा घ्यायची ती खाणकामगारासाठी, कविता घ्यायची ती जाहीरनाम्यासाठी. शैली, रचना, भाषा यावर एक अवाक्षर नाही. मग सरळ समाजशास्त्राचा गट म्हणा. आणि भीमाची कथा वास्तववादी म्हणून डोक्यावर घेताय ती तर चक्क भयकथेसारखी आहे. कोल्हेकुई, अंधार, प्रेताचा जबडा.

जुळारी

पेठेतले साहेब, तुम्ही टीका म्हणून लिहिलंत, पण कथेबद्दल इथे आलेलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमचंच आहे. भयकथेसारखीच आहे ती. का आहे, हाच प्रश्न शनिवारी ठेवता येईल. १९५८ ला मुंबईत दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कामगारांच्या तळहातावर आहे असं सांगणारा माणूस भुताखेतांचं सामान का वापरतो? तुम्ही नाशिकचे असतात तर तुम्हालाच बोलवा म्हणालो असतो. प्रत्येक गटात एक पेठेतला हवाच, फक्त एकच.

काठावरची ताई, बायकांचं कबूल. तीस वर्षांत माझी यादी बदलली नव्हती, हे आज लक्षात आलं. ताराबाईंच्या पुस्तकाचा मला धंद्यामुळे वेगळाच जिव्हाळा आहे. पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. पुढे जवळजवळ विस्मरणात गेलेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं. पाचशे प्रतींतली एक कुणीतरी रद्दीत टाकली नाही म्हणून आपण आज बोलतोय.

तालुक्याचा ग्रंथपाल

फक्त पुस्तकं मिळण्याबद्दल. फुल्यांचं समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलंय, मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं फुकट उतरवता येतात. बाबासाहेबांची मराठी भाषणं शासनाच्या मालिकेच्या अठराव्या खंडात आहेत, तीन भागांत, आणि ती छापील हवीत तर शासकीय ग्रंथागारात विचारा, किंमत खूप कमी असते. संपली असं सांगितलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

झेरॉक्स काढताना मूळ आकारात काढू नका, अक्षर मोठं करा. चाळिशीच्या पुढची माणसं बारीक अक्षरामुळे वाचायची पाळी टाळतात आणि कारण दुसरंच सांगतात. दोघांत एक प्रत द्या, शेजारी बसायला लागतं. मोबाइलवर पीडीएफ नको, मधेच क्रिकेटचा स्कोर येतो.

शनिवारवाला

उशिरा उत्तर देतोय, मुद्दाम. पाच शनिवार झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

ताईंकडे गेलो. त्या मशीनवर होत्या. लग्नसराई, टेबलावर अस्तर लावायच्या ब्लाउजपिसांचा ढीग. मी झेरॉक्स पुढे केली तर म्हणाल्या, "ठेवा तिथं, हात खाली नाही." मला वाटलं संपलं. शनिवारी सहाला पाच कमी असताना आल्या, कागद घडी घालून ब्लाउजात खोचलेला. घरी चार वेळा वाचला होता. मी म्हटलं आपण घरी वाचायचं नाही असं ठरवलंय, तर म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही ठरवा."

वाचल्या. अडखळत, 'मिलिनर' (बायकांच्या टोप्या-झगे करणारी) या शब्दाला थांबल्या. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या की साडेसव्वीस तास त्यांनीही केलेत, एका लग्नात नवरीकडच्या एकवीस बायकांचे ब्लाउज होते. हात दुखत नाही त्याने, मान दुखते. आणि पहाटे सुईत दोरा ओवता येत नाही, दोन सुया दिसतात, खरी कुठली ते कळत नाही, म्हणून त्या आधी जागेपणी दहा सुया ओवून पदराला टोचून ठेवतात. त्यानंतर कंपनीतल्या माझ्या मित्राने डबल शिफ्टबद्दल सांगितलं, आणि मला माहीतच नव्हतं की तो जेवणाच्या सुट्टीत संडासात जाऊन झोपतो. एकाच शॉपमध्ये चार वर्षं आहोत आम्ही.

मग ताईंनी तो जुना हिशोब काढला. वीस वाराचा. यावेळी मी हसलो नाही. म्हटलं, वीस वारातून कोट शिवत नाहीत, वीस वारांच्या बदल्यात कोट मिळतो. "मग तसं म्हणायचं ना," त्या म्हणाल्या, "म्हणजे शिलाई किती लावली ते त्यात दिसतच नाही." पहिल्या प्रकरणाची चाळीस पानं, एका वाक्यात.

पुढे 'स्मशानातील सोनं'. इथे पेठेतल्या साहेबांचा मुद्दा आला आणि भलतीकडून आला. भीमा पहारीने प्रेताचा जबडा उघडून बोटं आत घालतो, पहार काढतो आणि जबडा मिटून बोटं अडकतात, हे वाचल्यावर नर्सिंगवाली म्हणाली, हे असं होत नाही. मेल्यावर ताठरपणा जबड्यात लवकर येतो हे बरोबर, पण एकदा जोर लावून उघडला की तो सापळ्यासारखा परत मिटत नाही. कवी चिडला, म्हणाला कथेला शवागाराचे नियम लावू नका. ती म्हणाली, लावत नाहीये, मी विचारतेय की जोर आला कुठून? कुणाला सुचेना. तेव्हा एमपीएससीवाल्यांतला एक, जो एरवी फक्त चहाला जागा असतो, म्हणाला की मी परवा 'भांडवल'ची प्रस्तावना वाचली, लहान आहे म्हणून. त्यात मार्क्स एक फ्रेंच वचन देतो, मेलेला जिवंताला धरून ठेवतो अशा अर्थाचं. एवढंच म्हणाला आणि लाजला.

मग दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. मला टिपून घेता आलं नाही, साने गुरुजी आमच्यात कुणी नाही. नर्सिंगवालीचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं, की ते ठीक आहे पण जबडा मिटत नाही.

मुक्ता साळवेच्या वेळी शांतता पडली. मी मोडली नाही. पण वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला.

मनमाडचं भाषण आणि बागूल एका संध्याकाळी बसले नाहीत, कथा अर्धीच झाली. उरलेली कथा ऐकायला दोन नवे आले, कारण कंपनीतल्या मित्राने कँटीनमध्ये अर्धी सांगून ठेवली होती. आता अकरा आहोत. चौदा झालो नाही, आणि त्या पहिल्या चौदातले चारच.

'गुलामगिरी' मात्र फसली. दोन भूमिका वाटल्या, पण मी जोतीराव झालो आणि व्याख्यानच ठोकलं. धोंडीबा म्हणून न बोलणाऱ्या शिक्षकांना बसवलं होतं, ते प्रश्न वाचून दाखवायचे आणि घड्याळ बघायचे.

काठावरची ताई, चहा मावसबहीणच करत होती. तुमचं वाचून मी करायला घेतला. ती म्हणाली, साखर वाया घालवू नकोस, आणि ती आता गटात बसते. पुढच्या शनिवारी ताराबाई आहेत, वाचायला सुरुवात तीच करणार आहे.

जुळारी

ती कथा आणि 'भांडवल' मी तीस वर्षं एकाच संध्याकाळी वाचायला देतोय. प्रस्तावनेतलं ते वचन मला माहीत होतं, मी त्याचं प्रूफसुद्धा तपासलंय. दोन्ही कधी जवळ आली नाहीत माझ्या डोक्यात. त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

'गुलामगिरी' पुन्हा करा. ताईंना जोतीराव द्या आणि तुम्ही धोंडीबा व्हा.

काठावरची

ताराबाईंना मधे विरामच नसतो, वाचणाऱ्याला धाप लागते. दोघींना बसवा, दर पानाला बदल. आणि त्या शिवीला थांबू नका म्हणावं, सरळ वाचून टाका.

शनिवारवाला

ताराबाई वाचायला दुसरी म्हणजे ब्लाउजवाल्या ताई आहेत. आत्ताच विचारून आलो. मशीन चालूच होती, मान हलवली, पण ती होकाराची की दोरा तुटल्याची ते शनिवारी कळेल.